सोप्याला इंग्रजीत काय म्हणायचे?

आमच्या सीमाभागात कोणतीही जुनी वास्तू दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ही कुणाची?’ देऊळ असो, वेस असो की किल्ल्याचा पडका बुरूज असो. दगडावर चार अक्षरे कोरलेली आढळली की ती कानडी की मराठी, एवढे आधी पाहिले जाते. काय लिहिले आहे ते नंतर, आणि पुष्कळदा ते राहूनच जाते. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून इथल्या तीन पिढ्यांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरत आले. शाळेच्या पाटीपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत जिथे भाषेचा वाद पोचला, तिथे बिचारे दगड कसे सुटणार? त्यांनाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. मी जन्मभर मराठी शाळेत शिकवले. तेव्हा या प्रश्नामागचे दुःख मला कुणी समजावून सांगायला नको. परंतु वास्तूला विचारण्यासारखे आणखीही प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे ऐकताना कधी कधी आपल्यालाच खाली मान घालून विचार करावा लागतो, हे मला आमच्या घरातल्या एका मुलीच्या अभ्यासामुळे उमगले.

आमचे गाव मच्छे. बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागले की लवकरच लागते. एके काळी भाताची शेते आणि लाल माती एवढीच गावाची ओळख होती. पुढे औद्योगिक वसाहत झाली, आणि १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे ‘ज्ञान संगम’ हे आवार आमच्या शिवारात उभे राहिले. कर्नाटकातल्या कितीतरी अभियांत्रिकी पदवीधरांच्या प्रमाणपत्रांचा पत्ता मच्छे! माझ्या धाकट्या भावाची मुलगी याच विद्यापीठाला जोडलेल्या एका महाविद्यालयात वास्तुकला शिकते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. पोरगी घरांचे नकाशे काढणार, गावातल्या चार जणांचे प्लॅन पास करून देणार, एवढीच घरातल्या सर्वांची कल्पना. प्रत्यक्षात तिच्या टेबलावर जाडजूड इतिहासग्रंथ दिसू लागले, तेव्हा आमच्या आण्णांनी, म्हणजे थोरल्या बंधूंनी, तिला सरळ विचारले,

“घरं बांधणाऱ्यास्नी इतिहास कशाला गे?”

ती म्हणाली, “आण्णा, भिंत कशी बांधायची ते एक, आणि तिथंच का बांधायची ते एक. दुसरं इतिहासात येतं.”

आण्णांना ते पटले नाही. मला मात्र कुतूहल वाटले आणि मी तिची पुस्तके चाळू लागलो.

पहिला धक्का बॅनिस्टर फ्लेचर यांच्या ग्रंथाने दिला. हे इंग्रज बापलेक. त्यांचा जगाच्या वास्तुकलेचा इतिहास १८९६ साली निघाला आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो गीतेसारखा वाचला. त्यात वास्तुकलेचा एक वृक्ष काढलेला असे. ग्रीस, रोम आणि युरोप हे खोड, आणि हिंदुस्थान, चीन, जपान वगैरे मंडळी बुंध्यालगतच्या आखूड फांद्या, पुढे न वाढलेल्या. १९०१ च्या आवृत्तीत तर या देशांच्या शैलींना ‘अनैतिहासिक’ असे नावच दिले. म्हणजे वेरूळला लेणी आहेत, पण वेरूळला इतिहास नाही! हा शब्द पुढे बऱ्याच आवृत्त्यांत टिकला आणि मग गळून गेला. पुतणीच्या सरांनी हा वृक्ष वर्गात फळ्यावर लावला आणि विचारले, “हे झाड लावलं कुणी? कुठं उभं राहून पाहिलं म्हणजे ते असं दिसतं?” इमारतीचा इतिहास शिकायचा, आणि त्या इतिहासाला लिहिणाऱ्याचाही इतिहास असतो हे ध्यानात ठेवायचे, असे हे दुहेरी शिक्षण आहे.

दुसरे नाव जेम्स फर्ग्युसन यांचे. कलकत्त्यात निळीचा व्यापार करणारा हा गृहस्थ हिंदुस्थानभर हिंडला आणि १८७६ साली त्याने हिंदी वास्तुकलेचा मोठा इतिहास लिहिला. काम अफाट. परंतु देवळांची वाटणी त्याने वंश आणि धर्म यांवरून केली. हे आर्यांचे, हे द्रविडांचे, हे जैनांचे, हे मुसलमानांचे. ‘ही कुणाची?’ हा जो आमचा आवडता प्रश्न, तो निदान अशा नेटक्या खणांत घालून आमच्या हाती देणाऱ्यांपैकी हा एक गृहस्थ, हे वाचून मी थोडा अस्वस्थ झालो. आपण आपले भांडण भांडतो, आणि भांडणाचा नकाशा मात्र दुसऱ्यानेच काढलेला असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिलावहिला अहवाल कोणत्या भागाचा असेल? मुंबई-पुण्याचा नव्हे, वेरूळ-अजिंठ्याचाही नव्हे. जेम्स बर्जेस यांनी जानेवारी ते मे १८७४ या पहिल्या हंगामात पाहणी केली ती बेळगाव आणि कलादगी या जिल्ह्यांची. बेळगावच्या किल्ल्यातली जैन देवळे त्यात आहेत, तशीच बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल यांची देवळेही. दोन राज्यांची सीमा आखली जाण्याच्या ८२ वर्षे आधी आमच्या दगडांची मोजदाद झाली होती.

पट्टदकलला मी स्वतः दोनदा जाऊन आलो. एकाच आवारात नागर शिखराची आणि द्राविड विमानाची देवळे शेजारी शेजारी उभी आहेत, जशी आमच्या गल्लीत मराठी आणि कानडी घरे. त्यांतले मोठे विरूपाक्षाचे देऊळ चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात बांधवले, नवऱ्याने कांचीवर मिळवलेल्या जयाची आठवण म्हणून. कारागिराचे नावही शिलालेखात आहे, गुंड. त्याला ‘त्रिभुवनाचारी’ अशी पदवी मिळाली. वेरूळच्या कैलासाची घडण या विरूपाक्षाशी जुळते, असे जाणकार सांगतात. कांचीचा वळसा पट्टदकलला आला आणि पट्टदकलचा वेरूळला गेला. आता सांगा, कैलास कुणाचे? राजांनी देवळे बांधवली हे खरे. पण एका ठिकाणचे कसब दुसऱ्या ठिकाणी नेले ते छिन्नी-हातोडीवाल्यांनी, आणि त्यांना कुठल्या वेशीवर कुणी भाषा विचारल्याचे ऐकिवात नाही.

याच संदर्भात ‘वेसर’ हा शब्द भेटला. शिल्पग्रंथांत देवळांचे तीन प्रकार सांगतात, नागर, द्राविड आणि वेसर. उत्तरेचे नागर, दक्षिणेचे द्राविड आणि मधल्या मुलखाचे ते वेसर, असे ढोबळ उत्तर परीक्षेत चालते. संस्कृतात वेसर या शब्दाचा एक अर्थ खेचर असा आहे. ना घोडा, ना गाढव! हे वाचले आणि मला पुण्यातले एक लग्न आठवले. मी बोलताना ‘पण’ऐवजी सवयीने ‘खरं’ म्हणालो होतो, “येणार होतो, खरं गाडी चुकली.” पंगतीत हशा पिकला. कुणीतरी म्हणाले, “तुमचं मराठी म्हणजे कानडीची भेसळ.” बेळगावात कचेरीत गेलो की माझे कानडी मोडके ठरते, आणि पुण्यात गेलो की मराठी भेसळीचे. सीमेवरच्या माणसाच्या वाट्याला हे खेचरपण दोन्हीकडून येते. ते आपल्यापैकी पुष्कळांनी सोसले असेल.

म्हणून पुतणीने दाखवलेला ॲडम हार्डी यांचा १९९५ सालचा ग्रंथ मला औषधासारखा लागू पडला. सातव्या ते तेराव्या शतकातल्या कर्नाटकी देवळांची त्यांनी बारकाईने मांडणी केली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हा मधल्या मुलखाचा प्रकार अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे घेऊन जोडलेला नाही. इथल्या कारागिरांनी हातातलेच द्राविड रूप पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेले. भिंतीला एक कोपरा जास्त काढला, पुढच्याने त्यातून आणखी एक काढला, एका छोट्या शिखरातून दुसरे उमलवले. असे करता करता शेवटी जे उभे राहिले ते पहिल्यापेक्षा निराळे दिसू लागले. ती भेसळ नव्हती, वाढ होती. आमचे ‘खरं’सुद्धा असेच कुणीतरी एका पिढीने काढलेल्या कोपऱ्यासारखे असेल.

हे सगळे पुस्तकातले झाले. पण इतिहास शिकायचा तर पायी हिंडावे लागते. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे. रट्टांच्या काळातले हे जैन मंदिर. त्याच्या मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ मान वर करून पाहत राहावे असे. रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य आणि हे जिनालय बांधवणारा त्याचा अधिकारी बीचिराज यांचा उल्लेख असलेले १२०४ सालचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत आपल्या गावाचे नाव वेणुग्राम. दगड इथला, त्यावरची भाषा जुनी कानडी आणि मुक्काम लंडनला! ‘कुणाची?’ या प्रश्नाला असेही एक उत्तर असू शकते.

त्याच किल्ल्यात आदिलशाहीच्या काळातली सफा मशीद आहे. तिच्या बांधणीत जुन्या देवळांचे खांब वापरले आहेत आणि त्यांतल्या दोन खांबांवर लेख आहेत. एक ११९९ सालचा, त्याच चौथ्या कार्तवीर्याचा. दुसरा १२६१ सालचा, देवगिरीच्या कृष्ण यादवाच्या काळातला. आपल्याला वाटावे की यादवांचा म्हणजे मराठी आणि रट्टांचा म्हणजे कानडी. तसे नाही. दोन्ही लेखांची भाषा कानडी आहे आणि दोन्हींची लिपी नागरी आहे. देवळातले खांब, मशिदीचे छत, कानडी बोल आणि आपली बाळबोध अक्षरे! साडेसातशे-आठशे वर्षांपूर्वी इथे कुणीतरी कानडीत बोलत होता आणि नागरीत कोरत होता, आणि त्यात त्याला काही अवघड वाटले नव्हते. देवळाचे खांब मशिदीत कसे आले, हा प्रश्न झाकायचा नाही. सत्ता बदलली की दगडांचे मालक बदलतात, आणि त्यात कुणाचे तरी काहीतरी मोडते. पण हा एक खांब साक्षीला बोलावला तर तो कुठल्याही एका वकिलाच्या सोयीचे बोलणार नाही, एवढे नक्की.

तिसऱ्या वर्षाला पुतणीला एक जुने घर मोजून त्याचा आराखडा काढायचे काम मिळाले. ही पद्धत जुनी आहे. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकलेचे प्रमुख असलेले क्लॉड बॅटली, १९२३ ते १९४३ या काळात, विद्यार्थ्यांना जुन्या हिंदी इमारती टेप लावून मोजायला लावत. अशा आराखड्यांचे त्यांचे पुस्तकही १९३४ साली निघाले. तेव्हा देवळे आणि वाडे मोजत. पुतणीने आमचे मच्छेतले घर निवडले, कारण ते फार दिवस राहणार नव्हते. कौले दर मृगाआधी परतून घ्यावी लागतात, माकडे ती फोडतात, आणि आता त्या कामाला माणूस मिळत नाही. सुगी झाली की घर पाडून आरसीसी स्लॅबचे बांधायचे, असे भावाभावांत ठरले होते.

टेपचे एक टोक तिच्या हातात, दुसरे माझ्या. चार दिवस आम्ही मोजत होतो. भिंती पावणेदोन हात रुंद. पुढे अंगण, डाव्या हाताला गोठा, चार पायऱ्या चढून सोपा, त्याच्या आत माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी, आणि मागे परडे. मोजणे सोपे होते. अडले ते नावांपाशी. आराखड्यावर खोल्यांची नावे इंग्रजीत लिहायची होती. तिने सोप्यावर ‘लिव्हिंग रूम’ असे लिहिले आणि स्वतःच खोडले. मला म्हणाली, “काका, सोप्यात काय काय व्हायचं?”

मी सांगत गेलो. दुपारी पुरुष माणसे निजायची. भाताची पोती उतरायची. गल्लीतला तंटा मिटवायला पंच बसायचे. दिवाळीत किल्ला पाहायला आलेल्या पोरांना चुरमुऱ्याचे लाडू इथेच मिळायचे. माझे वडील गेले तेही सोप्यातच. पाहुणे, मरण आणि भात या तिघांनाही जागा देणाऱ्या खोलीला इंग्रजीत काय म्हणायचे? आपल्या घरांत खोलीचे काम वेळेप्रमाणे बदलत असे, म्हणून नाव कामावरून पडत नसे, घरातल्या जागेवरून पडे. माजघर म्हणजे घराच्या मधले. शेवटी तिने ‘सोपा’ हाच शब्द ठेवला आणि बाजूला त्याचा खुलासा लिहिला.

मग तिने एक तक्ता केला. खांबाला शेजारचे कानडी घर कंब म्हणते. आपली तुळई, त्यांची तोले. आपले अंगण, त्यांचे अंगळ. आपला कट्टा, त्यांचा कट्टे. आपली पडसाळ, त्यांची पडसाले. माळ्याला मात्र ते अट्ट म्हणतात आणि उंबऱ्याला होसतिलु. दोन्ही घरे बांधणारा गवंडी बहुधा एकच असे, आणि तो दोन्ही भाषांत तेवढ्याच जोराने शिव्या देत असे.

इथपर्यंत सारे गोड होते. खरी गोष्ट पुढेच आहे.

आमच्या वहिनींनी पहिला खडा टाकला. म्हणाल्या, “मोजायला घर छान आहे गे. मोजणाऱ्यास्नी राहायचं नसतंय. चाळीस वर्षं त्या अंधारात चूल फुंकून माझे डोळे गेले. पंचांसाठी सोपा हवेशीर, आणि बाईसाठी ती खोली, जिथं एक झरोका.” पुतणीने त्या झरोक्याचे माप घेतले. सोप्याच्या खिडक्यांचेही घेतले. दोन्ही आकडे तिने आराखड्यावर शेजारी शेजारी लिहिले. काही टीका केली नाही, नुसते आकडे लिहिले.

नंतर ती पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे गेली. या बाई आमच्या शेतात साठ वर्षांपूर्वीपासून लावणीला, कापणीला येत. पुतणीने त्यांना आराखडा दाखवला आणि विचारले, “आजी, तुम्ही आमच्या घरात कुठपर्यंत यायचा?” बाईंनी कागदावरच्या रेषा समजून घेतल्या. मग पायऱ्यांच्या अलीकडे बोट टेकले.

“हितवर. सोप्यावर मी कवा चढलो न्हाई बाळ. भात मळून झालं की तुजी पणजी हितंच सुपात घालत हुती. वरनं.”

पुतणीने घरी येऊन आराखड्यावर त्या जागी तुटक रेघ ओढली. तिथे भिंत नव्हती, कठडा नव्हता, उंबरासुद्धा नव्हता. टेप लावून ती सापडली नसती. पण गावातल्या प्रत्येकाला ती रेघ भिंतीपेक्षा पक्की माहीत होती. तिच्या सरांनी वर्गात सांगितले होते म्हणे, की न बांधलेल्या भिंतीही शोधून काढा.

आण्णांना ती रेघ दिसली तेव्हा त्यांचा आवाज चढला. “हे कशाला कालेजात दाखवायचं? घराची अब्रू हाय का न्हाई? त्या काळी समद्यांच्याच घरात तसं हुतं.”

“म्हणूनच दाखवायचं, आण्णा,” ती हळू आवाजात म्हणाली. “आपल्या एकट्याचं असतं तर सोडलं असतं.”

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. मला वाटले होते, आण्णा तिला तो कागद फाडायला लावणार. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ आराखडा पाहत होते. मग त्यांनी परड्याच्या बाजूला बोट ठेवले आणि म्हणाले,

“आडाजवळ पण एक हुती. ती ऱ्हायली.”

आणि कुठून कुठपर्यंत ते त्यांनी चालून दाखवले. पुतणीने टेप लावला. आडाच्या काठापासून सात हात.

बेळगावच्या खांबांनी मला सांगितले की आपल्या दोन भाषा फार जुन्या शेजारणी आहेत. आमच्या घराने सांगितले की एकाच भाषेच्या माणसांमध्येही सीमा होती, आणि ती कुठल्या आयोगाने आखली नव्हती. दोन्ही गोष्टी त्याच अभ्यासातून कळल्या. इमारत कुणाची, हे विचारणे सोडून द्या असे मी म्हणणार नाही. आपल्या हक्काचे ते आपण मागतच राहणार. पण त्याच्या जोडीला ती कुणी बांधली, कशाची बांधली, कुणासाठी बांधली आणि कुणाला पायरीवर थांबवले, हेही विचारत जावे. नाहीतर देवळे आणि वाडे आपल्या बाजूने घोषणा देणारे फलक तेवढे उरतात.

या सुगीनंतर मच्छेच्या परिसरात, खानापूर-निपाणीकडे, कितीतरी जुनी घरे पडतील. पाडू नका असे सांगायला मी धजणार नाही, आमच्या वहिनींनी मला ते बोलू दिले नसते. फक्त पाडण्याआधी घरातल्या पोरांच्या हाती एक टेप द्या. खोल्यांची नावे आजीच्या तोंडची लिहून घ्या, शेजारच्या कानडी आजीचीही घ्या. आणि तुमच्या अंगणात कामाला येणाऱ्या कुणाला तरी विचारा, तुम्ही कुठपर्यंत यायचा? मग पाडा.

आमच्या नव्या घराचा आराखडा पुतणीनेच काढला आहे. स्वयंपाकघराला पूर्वेकडून मोठी खिडकी आहे, ती वहिनींनी स्वतः उभे राहून मापून घेतली. सोप्याच्या जागी काय करायचे यावर अजून वाद चालू आहे. धाकट्याला तिथे गाडी लावायची आहे. एक गोष्ट मात्र आण्णांनी ठरवून टाकली. रस्त्याच्या बाजूला लांब कट्टा ठेवायचा, आणि त्याला फाटक घालायचे नाही.